काचेतली मोकळी कुत्री

कुत्र्यांचे फोटो काढणं हा काय धंदा झाला, असं तिला तोंडावर विचारणारे पुष्कळ भेटले. तिने कुणाला उत्तर दिलं नाही, कारण सुरुवातीला तिलाही तसंच वाटायचं. वडिलांचा स्टुडिओ तिच्याकडे आला तेव्हा गिऱ्हाईक उरलं होतं ते पासपोर्टच्या फोटोपुरतं. एक निळा पडदा, एक पांढरा पडदा, एक स्टूल, भिंतीवर आरसा आणि आरशाखाली साखळीने बांधलेला कंगवा, कारण लोक कंगवासुद्धा सोडत नाहीत. मग सगळ्यांच्या खिशात कॅमेरे आले आणि स्टुलावर धूळ बसायला लागली. अशात एक बाई आपलं कुत्रं कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, याचा एक तरी फोटो नीट काढून द्या हो, मी काढायला गेले की शेपटीच येते.

तिचे वडील तान्ह्या बाळांचे फोटो काढताना ओठ मुडपून, हवा आत ओढून एक बारीक चिवचिवता आवाज काढायचे. बाळ रडायचं विसरून बघत राहायचं. तिला दुसरं काही सुचेना, म्हणून तिने तोच आवाज काढला. कुत्र्याने कान टवकारले, मान तिरकी केली, आणि फोटो असा निघाला की ती बाई दुकानातच डोळे पुसायला लागली. तेव्हापासून ही गल्लीभर भूभूताई झाली. माणसांनी पाठ फिरवली आणि कुत्र्यांनी घर चालवलं, असं तिचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, आणि त्यात खोटं काही नाही.

पण कुत्रं स्टुडिओत खुलत नाही. त्याला मोकळी जागा लागते, वारा लागतो, नाकाला काम लागतं. म्हणून भूभूताई कुत्र्यांना समुद्रावर न्यायला लागली. सकाळचं ऊन कोवळं असतं, ओली वाळू खालून उजेड फेकते, आणि कुत्र्याच्या पोटाखालचा केस न् केस उठून दिसतो. ही स्वतः वाळूत पालथी पडते, कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणते आणि तो आवाज काढते. मात्र तो आवाज जपून वापरावा लागतो. एकदा काढला की कुत्रं दचकून बघतं, दुसऱ्यांदा कुतूहलाने बघतं, आणि नंतर त्याला कळतं की या बाईकडे चिमणीही नाही आणि उंदीरही नाही. मग काय वाट्टेल ते करा, ते ढुंकून बघत नाही.

आणि कुत्रं कधी मोकळं सोडायचं नाही. हा तिचा पहिला आणि शेवटचा नियम. घरात सोफ्याखाली लपणारं कुत्रं समुद्र बघून काय करेल याचा नेम नसतो. छातीपट्ट्याला लांब दोरी, दोरीचं दुसरं टोक मालकाच्या हातात, मालक फोटोच्या बाहेर.

आता तुम्ही तिच्या दुकानाची काच बघितली असेल तर म्हणाल, छे, दोरी कुठे आहे? काचेत तर सगळी कुत्री मोकळी आहेत. लाटांवर उड्या मारतायत, क्षितिजाकडे बघतायत, गळ्यात दोरी नाही की मागे माणूस नाही. तीच तर तिच्या नवऱ्याची करामत. हा माणूस आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आता कॉम्प्युटरसमोर बसतो आणि दोरी पुसतो. जीभ दातात धरून, चष्मा कपाळावर ढकलून, दोरीमागची वाळू कण न् कण भरून काढतो, दोरीची सावलीसुद्धा ठेवत नाही. हे कुणाला सांगायचं नाही अशी त्याने बायकोला सक्त ताकीद दिली होती. लोकांना वाटू दे की तुझ्या हातात जादू आहे, म्हणायचा. तिलाही ते वाटून घ्यायला आवडायचं, खोटं कशाला बोला.

तर एका दुपारी त्या काचेसमोर एक काका बराच वेळ उभे राहिले आणि मग आत आले. सगळा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला, त्यामुळे कानाला कमी ऐकू यायचं आणि बोलणं मोजकं. त्यांनी आपला फोन पुढे केला. फोनमध्ये एकामागून एक फोटो होते, आणि प्रत्येकात एक काळा ठिपका आणि त्यात दोन दिवे. ही आमची मिरी, काका म्हणाले. मुलाला चांगला फोटो हवाय.

बाकीचं ते समुद्रावर जाताना बोलले, तेही मिरीकडे बघत, तिलाच सांगितल्यासारखं. मिरी मुलाची. कारखान्याच्या फाटकात सापडलेलं पिल्लू त्याने घरी आणलं, तेव्हा काकांनी तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. मग काकांनी खटपट करून मुलाला आपल्याच कारखान्यात चिकटवलं, आणि पोराने ते काम सोडून जहाजावर स्वयंपाकी म्हणून जायचं ठरवलं. घरात असं काही वाजलं की मुलगा निघाला त्या दिवशी काका दारापर्यंतही गेले नाहीत. जाताना तो एवढंच म्हणाला, हिला तेवढं सांभाळा. आता दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. कशी आहे? बरी आहे. खाते ना? खाते. बरं. फोन बंद. आई नाही, भावंडं नाहीत, बापलेकांमध्ये बोलायला उरली आहे ती ही एक काळी कुत्री. आणि ती आता काकांच्या पायाशी झोपते, हे त्यांनी मुलाला अजून सांगितलेलं नाही.

भूभूताईने ऐकून घेतलं आणि मनात म्हणाली, बाई गं, हा फोटो बिघडून चालणार नाही.

रविवारच होता. पाणी पार मागे गेलं होतं. किनाऱ्यापासून दूरवर काळ्या खडकांचा एक पुंजका आहे, ओहोटीला तिथपर्यंत वाळूची चिंचोळी वाट उघडी पडते. भरती लागली की पाणी समोरून येत नाही, ते आधी बाजूने शिरतं आणि ती वाट मागून कापतं. तिथे राहणाऱ्या सगळ्यांना हे माहीत असतं. भूभूताई भरतीची वेळ बघून आली होती आणि हाताशी वेळ होता, पण फार नव्हता. त्यातून मिरी काळीकुट्ट आणि लाजरी, सारखी काकांच्या पायात घुसणारी. सुरुवातीलाच काकांनी विचारलं होतं, दोरी काढू का? ती कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणाली, राहू द्या सध्या. हा ‘सध्या’ तिच्या तोंडून सहज निघून गेला.

तिने आवाज काढला. मिरीने बघितलं, पण तेवढ्यात वाऱ्याने तिचा कान डोळ्यावर आला. दुसऱ्यांदा काढला, फोटो बरा निघाला, पण बरा फोटो तिला नको होता. ऊन चढायला लागलं होतं. तिने ठरवलं, मोठी लेन्स लावून लांबून एक प्रयत्न करू. वाळू कॅमेऱ्यात जाऊ नये म्हणून ती वाऱ्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसली, जॅकेट डोक्यावरून पुढे ओढलं आणि त्या आडोशात लेन्स बदलायला लागली. तेव्हा मागे आवाज आला, खट.

पट्ट्याचा हूक उघडल्याचा आवाज तिला झोपेतही कळला असता. तिने गर्रकन मान वळवली. काका रिकामी दोरी नीट गुंडाळत होते, कामावरची वायर गुंडाळावी तशी, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मदत केल्याचं समाधान होतं. हे काय केलंत, तिने विचारलं.

“आता खरा फोटो ना?” काका म्हणाले. “तुमच्या काचेतली सगळी मोकळीच आहेत की.”

मिरी दोन पावलं पुढे उभी होती, तिला अजून कळलंच नव्हतं की मागे कुणी धरलेलं नाही. भूभूताई हळूच उठायला गेली. तेवढ्यात ओल्या वाळूवरून पक्ष्यांचा थवा उडाला आणि मिरी सुटली. ती लाजरीबिजरी काही राहिली नाही. थवा खडकांकडे, आणि मिरी थव्यामागे.

काका हाका मारत तिच्यामागे धावले. त्यांना वाटलं आपण जवळ जातोय, पण मिरीने एकदा मागे बघितलं, धनी धावतोय म्हणजे खेळ आहे असं तिला वाटलं, आणि ती दुप्पट जोरात पळाली. भूभूताईने त्यांना गाठून बाही धरली. काका हिसका देऊन सुटायला बघत होते. ती त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली की तुम्ही जितके धावाल तितकी ती लांब जाईल, तिथून पुढे फक्त पाणी आहे. काका थांबले. त्यांचा ऊर लोहाराच्या भात्यासारखा वरखाली होत होता.

मग मिरी दिसेनाशी झाली. काळं कुत्रं काळ्या खडकांत गेल्यावर दिसणार कसं? भूभूताईने मोठी लेन्स डोळ्याला लावली आणि खडकांवरून फिरवायला लागली. एक खडक, दुसरा खडक, शेवाळ, फेस, परत खडक. धावून आल्याने लेन्समध्ये सगळा समुद्र हलत होता. आयुष्यभर ज्या डोळ्याने कमावलं तो आज दगाच देणार की काय, असं तिला वाटलं. काका सारखं विचारत होते, दिसली का, दिसली का, आणि ती नाही म्हणत होती.

तेवढ्यात काकांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला आणि बघत राहिले. वाजून वाजून बंद झाला आणि परत वाजायला लागला. काकांचा हात फोनवर होता, पण तो उचलवेना.

“काय सांगू त्याला?” ते म्हणाले. “आमच्याकडे दुसरं बोलायलाच काही नाही हो.”

तिने पुन्हा लेन्स डोळ्याला लावली, आणि एका खडकाच्या टोकाला गुलाबी काहीतरी हललं. जीभ. मिरी धापा टाकत, पलीकडच्या खडकाकडे बघत उभी होती. मधल्या फटीत लाटा आपटत होत्या. आणि वाळूच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पाणी आत यायला लागलं होतं.

भूभूताईने कॅमेरा काकांच्या गळ्यात अडकवला, त्यांच्या हातातून दोरी घेतली आणि कमरेला गुंडाळली. मग तिने त्या माणसाला जगातली सगळ्यात अवघड गोष्ट करायला सांगितली. समुद्राकडे पाठ करून खाली बसा, ती म्हणाली, आणि मागे वळून बघू नका. तुम्ही बघताय हे तिला दिसलं तर ती खेळतच राहील. काकांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण ते बसले. रस्त्याकडे तोंड करून, कॅमेरा मांडीवर घेऊन, मान खाली घालून बसले.

ती निघाली. धावायचं नाही, चालायचं, तेही थेट नाही, तिरकं, आपल्याला त्या कुत्र्याशी काही देणंघेणं नाही अशा थाटात. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. छातीत धडधडत असताना थाट आणायचा म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. खडकांजवळ उंचवट्यावर थोडी वाळू अजून कोरडी होती. मिरीने तिला बघितलं, शेपटी एकदा हलवली आणि पलीकडच्या खडकावर झेप घ्यायला मागचे पाय दुमडले.

आता उरला काय तो आवाज. दोनदा वापरून झालेला. तिसऱ्यांदा चालला तर चालला. तिने ओठ मुडपले आणि हवा आत ओढली, पण नुसती फुस झाली. भीतीने आणि खाऱ्या वाऱ्याने ओठ कोरडे ठाक पडले होते. तिने जीभ फिरवली, तोंडभर मीठ लागलं. बाबा, आता तुम्हीच बघा, असं ती मनात म्हणाली, आणि पुन्हा ओढलं.

आवाज निघाला. बारीक, थरथरता, कधी काढला नव्हता तसा वाकडातिकडा. कदाचित वाकडा होता म्हणूनच मिरीला तो नवा वाटला. ती थबकली. मान वळली, कान उभे राहिले, डोकं तिरकं झालं. फोटोसाठी सकाळपासून जे हवं होतं ते नेमकं तिथे उभं होतं, आणि कॅमेरा काकांच्या मांडीवर.

भूभूताईने तिच्याकडे पाठ केली आणि वाळूत पालथी पडली. रोज पडते तशीच, फक्त हात छातीखाली घेऊन. पडलेल्या माणसाचा वास घ्यायला कुत्रं येतंच, हे ती रोज बघत होती आणि रोज वैतागत होती, कारण फोटो काढताना ती लेन्सवर नाक घासतात. आज तिने देवाला तेच मागितलं. एक लाट आली आणि तिच्या नाकातोंडात गेली. तिने खोकला गिळला. दुसरी आली. मागे काही हालचाल नव्हती. आपण उठावं, झडप घालावी, असं तिला इतकं वाटलं की तिने नखं तळहातात रुतवली.

मग मानेवर काहीतरी गार आणि ओलं टेकलं. नाक. ते केसांत शिरलं, कानाशी फुरफुरलं. तरी ती हलली नाही. मिरीने तिच्या गालावरचं मीठ चाटलं आणि पुढ्यात येऊन बसली, तेव्हा कुठे तिने छातीखालचा हात काढला, हळूच एक बोट पट्ट्याखाली घातलं, मग दुसरं, आणि मूठ वळली. कमरेच्या दोरीचा हूक लागला, खट. तिथे पाण्यात पडल्या पडल्याच तिला रडू फुटलं.

परतीची वाट उरली नव्हती. पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं आणि मिरीने त्यात पाय घालायला साफ नकार दिला. भूभूताईने तिला उचलून घेतलं. ओलं घाबरलेलं कुत्रं किती जड होतं म्हणून सांगू! वाटेत एका लाटेने तिचा तोल गेला, ती गुडघ्यावर आली, पुन्हा उठली. समोर बघते तर काका पाण्यात. तिने त्यांना वळून बघू नका सांगितलं होतं, पण किती वेळ? कॅमेरा डोक्यावर धरून, बूट-पँटसकट ते चालत येत होते. त्यांनी एका हाताने मिरीला छातीशी घेतलं, आणि तिघंही कशीबशी कोरड्या वाळूवर येऊन पडली.

जरा श्वास आल्यावर काका स्वतःला बोल लावायला लागले. मी अक्कलशून्य म्हातारा, एक दोरी धरता आली नाही मला. मुलाने एकच गोष्ट सांगितली होती. तुमचे उपकार कसे फेडू ताई, असं म्हणत त्यांनी ओले हात जोडले.

भूभूताईने ते जोडलेले हात बघितले. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. उलट जीव वाचवणारी म्हणून नाव झालं असतं, काचेचीही शान राहिली असती. नवऱ्याची ताकीद तिला आठवली. पण ते हात तिला बघवेनात.

“काका, चूक तुमची नाही,” ती म्हणाली. “काचेतलं एकही कुत्रं मोकळं नाहीये. सगळ्यांना दोरी होती. आम्ही ती पुसतो.”

काकांना आधी नीट ऐकू आलं नाही. तिला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते जास्तच लागलं. काका रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, सगळ्यांना? ती म्हणाली, सगळ्यांना.

तेवढ्यात फोन परत वाजला. कानामुळे काका नेहमी स्पीकरवरच बोलतात, त्यामुळे भूभूताईला सगळं ऐकू आलं. मुलाने विचारलं, कशी आहे?

काकांनी बरी आहे म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. मी तिला सोडली. ती खडकावर गेली. भरती लागली होती. या ताईंनी आणली, मीपण थोडा पाण्यात गेलो. भूभूताईवर त्यांनी एका शब्दानेही काही ढकललं नाही. इतकं सलग बोलताना तिने त्यांना पहिल्यांदाच ऐकलं, आणि बहुतेक मुलानेही. पलीकडे नुसतं जहाजाच्या यंत्राचं घरघरणं ऐकू येत होतं. काका फोनकडे बघत होते, निकाल ऐकायला उभं राहिल्यासारखे.

“तुम्हाला पोहता येत नाही,” मुलगा म्हणाला.

“नाही येत.”

“बाबा, तुम्ही बरे आहात ना?”

काकांनी मिरीच्या ओल्या पाठीवर तोंड ठेवलं आणि खांदे हलायला लागले. भूभूताईने तोंड फिरवलं. बऱ्याच वेळाने तिला मागून ऐकू आलं, बरा आहे रे. तू जेवतोस ना वेळेवर?

निघताना काका म्हणाले, आता काढा फोटो. ती म्हणाली, अहो, मिरी चिंब भिजलीय, तुम्हीही. पुन्हा कधीतरी येऊ. पण काका हटून बसले. मिरी वाळूत बसली, काका तिच्याशेजारी, पँटमधून पाणी ठिबकतंय, दोरीचे वेढे मुठीत गच्च. आवाज काढायची गरजच पडली नाही. मिरी काकांकडे बघत होती.

घरी येऊन ती अंघोळीला गेली. बाहेर येऊन बघते तर नवऱ्याने सवयीने काम सुरू केलेलं. दोरी गेली होती, वाळू भरली होती, आणि काकाही जवळजवळ संपत आले होते, फक्त एक ओला बूट उरला होता. एवढं गोड कुत्रं, तो म्हणाला, शेजारी हे भिजलेलं म्हातारं कशाला? तिने असा आवाज चढवला की शेजारच्या टेलरने मशीन थांबवलं. मग खुर्ची ओढून बसली आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता नवरा परत कॉम्प्युटरकडे वळला. बूट, पँट, मूठ, दोरी, जे जे पुसलं होतं ते त्याने परत आणलं. मग न सांगता काचेतले फोटो उतरवायला लागला. मूळ फोटो सगळे होते त्याच्याकडे, दोऱ्यांसकट.

काका फोटो न्यायला आले तेव्हा आधी काचेसमोर थांबले. आत सगळी कुत्री दोरीने बांधलेली होती, आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला कुणाचा तरी हात. कुणाचं मनगट, कुणाच्या बांगड्या, कुणाची नुसती बोटं. मधोमध मिरीशेजारी ते स्वतः बसलेले होते.

आत येऊन त्यांनी आपला फोटो हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

“दोरी दिसते,” ते म्हणाले.

“दिसते,” ती म्हणाली.

“बरं,” काका म्हणाले, आणि मुलाला पाठवायला तिच्याकडून एक मोठं पाकीट मागून घेतलं.